पपायला ‘बरंय’ चालत नाही

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, पण शाळा काय माझ्यात आली नाही. त्यामुळे जगात चिली नावाचा देश आहे आणि तिथे मापुचे नावाची माणसं राहतात, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी घोड्यांच्या तबेल्यात कळलं. दुबईच्या पलीकडे, अल ऐनच्या बाहेर आमच्या अरबाबचे, म्हणजे मालकाचे, पोलोचे घोडे आहेत. मी तिथल्या मेसमध्ये आचारी. गुहागरला, आमच्या गावात, मात्र सगळ्यांना माहीत आहे की मी मॅनेजर आहे. कुणी सांगितलं? मीच.

घोडे सांभाळायला आला तो मापुचे. पहिल्या दिवशी त्याचं तोंड बघून मी त्याला नेपाळी समजलो आणि तासभर काठमांडूच्या हवेबद्दल विचारत बसलो. त्याने बिचाऱ्याने मान डोलावली. त्याला तेव्हा हिंदी येत नव्हती. नंतर आमच्या पोरांत राहून असं शिकला की माझ्यावरच उलटला. "भाई, आज दाल को नमक से दुश्मनी है क्या?"

सहा वर्षं त्याने आईला बघितलं नव्हतं. यंदा व्हिसा काढून तिला महिनाभरासाठी आणलं. म्हातारी एवढीशी, डोक्याला रुमाल, छातीवर चांदीचा दागिना, आणि बॅगेत भाजलेल्या गव्हाचं पीठ. चाखलं तर थेट आपलं सातू! त्यांच्यात मोठ्या बाईमाणसाला पपाय म्हणतात, म्हणून आम्ही सगळेच तिला पपाय म्हणायला लागलो.

पपाय रोज सकाळी मेसच्या दारात यायची. "मारी मारी," म्हणजे त्यांचा नमस्कार, आणि मग पाच मिनिटं बोलतच राहायची. मुलगा हिंदीत सांगायचा, "पूछती है, तुम कैसा, घर में कौन कैसा, खेत कैसा, जानवर कैसा."

मी झारा हलवत म्हणायचो, "सब बढिया! बोल अम्मा को, सब बढिया!"

पाचव्या दिवशी हा गडी घोड्याच्या पाण्याच्या टाकीवर तोंड पाडून बसलेला. घोड्याने लाथ मारली तरी हसणारा माणूस. म्हटलं, "क्या हुआ?"

"अम्मा शुक्रवार को वापस जाती है. टिकट बदलो बोलती है."

"मेरे खाने की वजह से?"

"खाना तो खराब है, पर वो बात नहीं."

मग त्याने सांगितलं. त्यांच्यात माणूस भेटला की आधी त्याच्या घरादाराची सगळी विचारपूस करायची. समोरच्याने खरं आणि पुरतं सांगायचं. कोण आजारी, कोण गेलं, कुणाची गाय व्याली. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. मग त्याने उलट विचारायचं. त्यांच्या भाषेत याला पेन्तुकून म्हणतात. पपाय इथे प्रत्येकाला विचारत होती आणि प्रत्येक जण गुड, गुड म्हणून पुढे चालला होता. तिला वाटलं, इथली माणसं दार लावून बोलतात.

"और मैं?"

"तुम सबसे जादा. पूछती है, इस आदमी के घर में ऐसा क्या हुआ है जो छुपाता है?"

आता मला सांगा, आपल्यात दुसरं काय बोलतात? बायको तिकडून म्हणते सगळं बरंय, मी इकडून म्हणतो सगळं बरंय, खलास. आमचा वीस वर्षांचा संसार त्या दोन शब्दांवर चाललाय.

दुपारी मी पपायसमोर जाऊन बसलो. "मारी मारी, पपाय," म्हटलं आणि सुरू झालो. गुडघा धरतो. डायबेटीस आहे, तरी गुलाबजाम चोरून खातो. आईला खोकला आहे. पडवीची कौलं गेल्यात. म्हैस दूध देईनाशी झालीय. आणि गावात मी मॅनेजर आहे. इथे मुलगा थांबला. "ये भी बोलूँ?"

"बोल, बोल."

पपाय हसली नाही. मान खाली घालून सगळं ऐकलं आणि विचारलं, म्हशीला नेमकं काय झालंय? आईला खोकला कधीपासून?

माहीत नाही. माझ्या घरचं, आणि मलाच माहीत नाही!

पपाय काहीतरी पुटपुटली. मुलगा म्हणाला, "बोलती है, जा, पहले पूछके आ."

मी तिथूनच बायकोला फोन लावला.

"अहो, आत्ता कसा फोन? रविवारीच तर झाला."

"म्हशीला काय झालंय?"

पलीकडून हळूच, "तुमची तब्येत बरी आहे ना? कुणी काही पाजलं का?"

"अगं, खरंच विचारतोय."

मग ती जी सुटली! म्हशीची कास सुजलेली, आईचा खोकला गणपतीपासूनचा, जावेने आंब्याच्या फांद्या तोडलेल्या. पाऊण तास. एवढं तर ती लग्नात रुसली तेव्हाही बोलली नव्हती. शेवटी मीच हिंमत केली. "हे बघ, मी इथे मॅनेजर नाही. आचारी आहे."

"माहीत आहे हो. सुट्टीला येता तेव्हा बॅगेतल्या कपड्यांना फोडणीचा वास येतो. मॅनेजरच्या कपड्यांना कसा येईल?"

पपायला हे सांगितलं तेव्हा मात्र ती अशी हसली की दागिना खुळखुळला. मग म्हशीची कास मिठाच्या कोमट पाण्याने शेकायला सांगितली.

शुक्रवारी सकाळी ती बॅग न घेता मेसच्या दारात आली. मी गॅस बारीक केला आणि या वेळी आधी मीच विचारलं. पपाय, तुम्ही कशा? घरचे कसे? जनावरं कशी? पाऊस झाला का? मुलाने तिच्या भाषेत सांगितलं. तिने पदर नव्हता तरी पदर सावरल्यासारखं केलं, स्टुलावर बसली आणि बोलायला लागली. मुलगा दोन वाक्यं हिंदीत सांगून गप्पच झाला, नुसता ऐकत राहिला. मला एक शब्द कळत नव्हता, पण आयुष्यात पहिल्यांदा मी मध्ये तोंड घातलं नाही.

डाळ करपली. तबेल्याने मला शिव्या घालत ती खाल्ली. पपायने दोनदा वाढून घेतली आणि महिना पुरा करूनच गेली.