आधी पट्टी, मग रंग

माझ्या थोरल्या भावाला मी बऱ्याच गोष्टी माफ केल्यात. गिटारीची नाही, आणि करायचा विचारही नाही.

राजुरीला आमच्या मळ्यात कांद्याची चाळ होती. नव्वदीच्या शेवटी एका पावसाळ्यात ती रिकामी झाली, तेव्हा मी तिथं गिटार करायला बसलो. विहिरीवरच्या मोटारीच्या खोक्याच्या देवदारी फळ्या, घरातलं जुनं सागवान आणि सुताराकडून आणलेला सरस, एवढंच सामान. विकतची मला नकोच होती. त्या घरात विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यावर दादाचा हात फिरलेला असायचा. एक तरी वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी असावी, एवढाच माझा हट्ट होता.

कामाचा क्रम मी कितीतरी दिवस डोक्यात घोळवला होता. आधी बाजूच्या पट्ट्या भिजवून तापलेल्या पाइपवर वाकवायच्या. मग वरच्या फळीला आतून आधाराच्या काड्या चिकटवायच्या, कारण पेटी बंद झाली की आत हात जात नाही. मग मान. त्यानंतर तारा जिच्यात अडकतात ती खालची पट्टी, तीही कोऱ्या लाकडावर. रंग सगळ्यात शेवटी, कारण रंगावर सरस धरत नाही. हे मी दादाला समोर बसवून सांगितलं होतं. ग्रामसेवकापुढे हलवायचा तशी त्यानं मान हलवली.

आमच्याकडे पोळा भादव्यात. बैलांची शिंगं रंगवून झाली की डब्यात उरलेला ऑइलपेंट वाया घालवायचा नाही, ही घरची रीत. गाडीची चाकं, देवळीची फळी, लाकडी दिसेल त्यावर ब्रश फिरायचा. त्या दिवशी मी तारा आणायला पुण्याला गेलो होतो. संध्याकाळी परतलो तर माझी गिटार चाळीला टेकून वाळत होती. शिंगांसारखी लालभडक, कडेनं पिवळा पट्टा. पट्टी लावायची जागासुद्धा रंगवलेली.

"सणाला लाकूड उघडं ठिवू न्हाई," दादा म्हणाला. "बघ की, लई झ्याक दिसतंय."

पट्टी अजून लावायची होती, असं मी म्हणालो.

"मग लाव की वरनं. तुला कुनी धरलंय?"

मी रंग खरवडला, पण तेल त्या मऊ लाकडात मुरलं होतं. तरी सरस लावून पट्टी बसवली, वर वजन ठेवलं. आठवड्यानं तारा ताणल्या. शेवटची तार सुरात येता येता पट्टी फाटकन उपटून आली आणि माझ्या मनगटावर बसली. दादा दारातच उभा होता. म्हणाला, तुझा सरसच कच्चा. त्या क्षणी मला तो डोळ्यांसमोर नको होता.

मी गिटार चुलीत घालायला निघालो, तर त्यानं ती हातातून ओढून घेतली आणि बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगली. पुढं मी चाकणला नोकरीला गेलो, तिथंच राहिलो. गावी गेलो की कुणीतरी पावणं भिंतीकडं बघून विचारतातच, ही कुणी केली.

"आमी दोघांनी," दादा सांगतो. "त्यानं सांगाडा केला, म्या पुरी केली."

मी चहा तसाच ठेवून उठतो.