वीस आकड्यांची शांतता

इग्नाझ पोमाइस्ल दिवसा हातमोज्यांसाठी कातडं कापायचा आणि संध्याकाळी टाळ्या वाजवायचा. व्हिएन्नात त्याचं नाव होतं ते दुसऱ्या कामामुळे. नाट्यगृहाच्या सर्वांत वरच्या गॅलरीत भाड्याने टाळ्या वाजवणारे तीस जण बसत, आणि साऱ्यांची नजर इग्नाझच्या हातांवर असे. त्याचे हात उठले की तीस जोड्या कडाडत. मग खाली बसलेल्या बड्या मंडळींनाही कळे, की आपल्याला हे आवडलं आहे.

बदल्यात त्याला रोज फुकट ऐकायला मिळे. तेवढ्यासाठी तो टोळीचे मुकादम वोत्रुबा यांची बोलणी मुकाट खाई.

त्या हिवाळ्यात ट्रॉइब्नर नावाच्या तरुणाची सिम्फनी लागली. छातीचा आजार, विटका कोट, फसलेलं प्रेम. थोर संगीतकाराला लागणारं सगळं सामान त्याच्याकडे होतं. नव्हत्या त्या टाळ्या. त्या त्याच्या मावशीने विकत घेतल्या.

"शेवट दगाबाज आहे," वोत्रुबांनी बजावलं. "ना ढोल, ना तुताऱ्या. नुसता विझत जातो. व्हायोलिन थांबलं की हात उठव. चुकलास तर उद्यापासून गॅलरी बंद!"

शेवटी एकटं व्हायोलिन इतकं हळू होत गेलं, की ते थांबलं कधी हेच इग्नाझला कळलं नाही. हात मांडीवरच राहिले. ते बघून तीस जण गप्प, आणि तीस जण गप्प म्हणून सगळं नाट्यगृह गप्प. ट्रॉइब्नरला वाटलं, बुडालो. पहाटेच्या घोडागाडीने तो वडिलांच्या साबणाच्या कारखान्यात परत गेला.

सकाळी इग्नाझ मान खाली घालून वोत्रुबांपुढे उभा राहिला. "माफ करा मालक. ऐकतच राहिलो."

"गाढवा, तुला ऐकायला ठेवलंय होय?" वोत्रुबांनी वर्तमानपत्र त्याच्या नाकापुढे नाचवलं. 'अवघ्या व्हिएन्नाने श्वास रोखला!' "चार संगीतकार येऊन गेले सकाळपासून. सगळ्यांना हीच शांतता पाहिजे. एक तर पोल्का नाचाच्या धांगडधिंगा धुना लिहिणारा! आजपासून शांतता तुझ्याकडे. वीस आकडे मोजायचे, मग टाळ्या."

गॅलरी वाचली. पुढच्याच आठवड्यात ट्रॉइब्नरची सिम्फनी पुन्हा लागली. शेवट जवळ येताच इग्नाझने खोकणाऱ्यावर डोळे वटारले, नाक ओढणाऱ्याला कोपर मारलं आणि मोजायला लागला. वीस. हात उठले. नाट्यगृह दणाणलं.

जिना उतरताना त्याने टोळीतल्या कास्पार न्हाव्याला हळूच विचारलं, "काय रे, आज ते शेवटचं व्हायोलिन कसं वाजलं?"

"मला काय ठाऊक?" कास्पार म्हणाला. "मी तुझ्या हातांकडे बघत होतो."