आमच्या गावात असा मुलगा नाही

माझी सगळी नोकरी परदेशातल्या आपल्या वकिलातींमध्ये गेली. हुद्दा सहायकाचा. साहेबांच्या खोलीबाहेरचं टेबल माझं. पत्रं टाईप करायची, फायली लावायच्या आणि आठवड्यातून एकदा दिल्लीला जाणाऱ्या कापडी थैलीचं तोंड बांधून गाठीवर लाख ओतायची, मोहोर दाबायची. ही थैली वाटेत कुठल्याच देशाचा अधिकारी उघडू शकत नाही, असं मला पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा माझ्या हातून लाख टेबलावर सांडली. डोणगावच्या वांगी पिकवणाऱ्याच्या पोरानं मारलेली गाठ, आणि ती सोडायची कुणाला परवानगी नाही! निवृत्त होईपर्यंत मला हे पुरतं खरं वाटलं नाही.

तरी सगळ्यात जास्त नवल वाटतं ते या नोकरीच्या आधीच्या एका रविवारचं. ते नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. बुलढाण्याला बी.ए. होऊन तिथेच खोली करून टायपिंग शिकत होतो. नागपूरला जाऊन परीक्षा दिली, निवड झाली. कागद आला की पोलिसांकडून चौकशी होईल, मगच नेमणूक. घरी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. नाही मिळाली तर हसं नको, म्हणून.

शनिवारी गावी आलो, तर बाबा मळ्याच्या बांधावरच भेटले. चेहरा खूश.

"तुले धुंडाले काल पोलीस आला होता, साध्या कपड्यात. सायकलवर."

"मग?"

"मग काय? चौकात त्याले तुया काकानं सांगितलं, असा पोरगा आमच्या गावात नाही. मंग तो मळ्यात आला. म्या सांगितलं, मले दोन पोरीच हायेत."

त्या वर्षी आमच्या कॉलेजात फीवरून संप झाला होता आणि चार-पाच मुलांना पोलिसांनी नेलं होतं. गावाला वाटलं, आता माझी पाळी. सगळ्या चौकानं एक होऊन मला लपवलं होतं. काकू तर म्हणाली होती, "त्या घरात कधी कोणी शाळेतच नाही गेलं, भाऊ."

 मी कसंबसं सांगितलं की तो पोलीस सरकारी नोकरीसाठी आला होता. दिल्लीची नोकरी, एवढंच म्हणालो. पुढचं तोंडातून निघालं नाही.

बाबांनी हातातली दोरी खाली ठेवली. "काऊन नाही सांगितलं बे आधी?"  मग म्हणाले, "उद्या जाऊ ठाण्यात."

रविवारी पहिल्या गाडीनं तालुक्याला गेलो. सायकलवर आलेले ते जमादार साहेब ठाण्याच्या अंगणात दाढी करत होते. अहवाल लिहून तयार होता, सोमवारच्या टपालानं बुलढाण्याला जाणार होता. त्यात लिहिलं होतं, या नावाचा इसम गावात राहत नाही.

"परवा म्हणता पोरगं नाही," जमादार फेस पुसत म्हणाले, "आज एवढं मोठं घेऊन आले. दोन दिसात वाढलं का, बुवा?"

बाबा हसले नाहीत. "साहेब, खोटं मी बोललो. लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. त्याच्या कागदाले डाग नको."

जमादारांनी कोरा कागद काढला. पोरगं कसं आहे, ते सांगा म्हणाले. एकदा खोटं बोललेला माणूस आता काही म्हणजे काही लपवायला तयार नव्हता. "दुसऱ्याच्या मळ्यातली काकडी तोडली होती एकदा. मालकाले सोताच जाऊन सांगितलं अन् मार खाऊन आला." मला घाम फुटला. जमादार मात्र मिशीत हसत लिहीत राहिले.

लिहिता लिहिता म्हणाले, "बाकी नशीबवान हो तुम्ही. पोरगं आता समुद्रापार चाललं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"दिल्ली म्हणत होता."

"दिल्ली नाही, बुवा. परदेश. वकिलातीत."

"किती दूर हाये?"

जमादारांनाही माहीत नव्हतं. "तीन-तीन वर्षं येता येत नाही म्हणतात," एवढं ते म्हणाले. मग बाबांकडे बघून त्यांनी लेखणी खाली ठेवली. "अजून टपाल गेलं नाही. पहिला कागद तसाच आहे. विचार करायचा तर करा."

त्या खोलीत मी बोलायला हवं होतं. नाही जात, असं तरी म्हणायला हवं होतं. बोललो नाही. मला जायचं होतं. बाबांना ते माझ्या गप्प बसण्यातून कळलं असावं.

"शाई आना," बाबा म्हणाले.

त्यांनी अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला आणि दाबला. दाबूनच धरला. अंगठ्याच्या कडेनं शाई पसरायला लागली.

"झालं, बुवा," जमादार हळूच म्हणाले. "उचला आता."