कपाटाची साल

जावयाने सासूचा कलथा वाकवला, आणि तोही तिच्याच गाडीवर. एवढ्या एका वाक्यात त्याची दोन्ही पापं येतात, पण ऐकणाऱ्याला धड उलगडा होत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगायला हवं.

शनिवारची सकाळ होती. सासूबाई अंघोळीला गेल्या होत्या. त्या बाहेर येईपर्यंत आपण गाडीची एक बाजू मोकळी करून दाखवावी, असं जावयाच्या मनात आलं. पाणीपुरवठा कार्यालयात बारा वर्षं फायली सरकवणाऱ्या माणसाला असे झटके अधूनमधून येतात. स्वयंपाकघरात पहिल्यांदा हाती लागला तो पोलादी कलथा, जाड पात्याचा, लाकडी मुठीचा. तो घेऊन स्वारी अंगणात आली. गाडीच्या दोन्ही कुशींना लाकडी फळ्यांचं चित्र असलेला जुनापुराणा स्टिकर होता आणि त्याचा एक कोपरा उचकटला होता. जावयाने तिथे कलथा घातला आणि जोर लावला. स्टिकर नखाएवढ्या कपच्यांनी उडाला. त्याने आणखी जोर लावला. मग असा काही कर्रर्र आवाज झाला, की समोरच्या पायरीवरचं मांजर उठून निघून गेलं. पत्र्यावर तीन ओरखडे उमटले होते, रंग फाडून थेट लोखंडापर्यंत. कलथ्याचं पातं शेंड्याला दुमडलं होतं.

"झालं समाधान?"

सासूबाई दारात उभ्या होत्या, डोक्याला पंचा गुंडाळून.

"आई, म्हटलं तुम्ही येईपर्यंत तेवढीच मदत..."

"गाडीचं मागाहून बघू. कलथा कोणाचा?"

"तुमचा."

"संसाराच्या पहिल्या दिवसापासूनचा. नवरा गेला, दाढा गेल्या, कलथा टिकून होता. आज तुम्ही उगवलात." त्यांनी तो हातात घेऊन डोळ्यासमोर आडवा धरला, कात्रीची धार बघतात तसा. "माझा एक कलथा तुमच्याकडे बाकी, जावईबापू. तुम्ही विसरलात तरी चालेल. मी विसरणार नाही."

जावयाची खरी पंचाईत वेगळीच होती. बायकोने त्याला मदतीला पाठवलंच नव्हतं. तिने पाठवलं होतं ते आईला गोडीगुलाबीने समजवायला, की आता गाडी सोड आणि आमच्याकडे राहायला ये. आल्याआल्या गाडी ओरबाडून ठेवल्यावर गोडीगुलाबी कुठल्या तोंडाने काढायची?

सासूबाई शिवणयंत्रं दुरुस्त करतात. वय चौसष्ट, उंची बेताची, आवाज मात्र बेताचा नाही. गावभर त्यांना मशीनवाल्या बाई म्हणतात. सासरे होते तेव्हा ते दुकानात बसत आणि बाई गाडी घेऊन गिऱ्हाइकांकडे फिरत, कारण सासऱ्यांना माणसांचा कंटाळा आणि बाईंना खुर्चीचा. ते गेल्यावर बाईंनी दुकान सोडलं, गाडी ठेवली. लांबलचक गाडी. मागच्या अर्ध्या भागात खणच खण, त्यात बॉबिन, पट्टे, स्क्रू, तेलाच्या पिचकाऱ्या. बाहेरून लाकडाचं चित्र आणि आतून खण, त्यामुळे गल्लीतली मुलं गाडीला 'कपाट' म्हणत. बाईंनाही ते नाव मान्य होतं. शिंप्यांना मशीन उचलून कुठे नेणं परवडत नाही, म्हणून कपाट त्यांच्या दारात जातं. एकदा एका शिवण कारखान्याच्या मॅनेजरने बाईंच्या खांद्यावरून गाडीत डोकावत विचारलं होतं, "मिस्त्री कुठे आहे?" बाई म्हणाल्या, "आलाय. वाटेतून बाजूला व्हा, म्हणजे आत येईल."

तर अशा बाईंच्या गाडीला गेल्या सोमवारी वाहन तपासणीच्या साहेबांनी अडवलं. साहेब तरुण, कडक इस्त्रीचे. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "हे लाकूड काय प्रकरण आहे?"

"स्टिकर आहे, साहेब."

"ते दिसतंय. त्याखाली काय आहे ते दिसत नाही. स्टिकरखाली लोक भोकं लपवतात. सगळं सोलून पत्रा उघडा करा आणि पुढच्या सोमवारी आणा. गंज आरपार असला तर गाडी मोडीत. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

"आणि नसला तर?"

"तर बघू."

"बघू नाही. शिक्का द्यायचा," बाई म्हणाल्या.

हे लेकीच्या कानावर गेलं आणि तिने त्याच संध्याकाळी आपल्या घरातली पुढची खोली झाडून घेतली. भिंतीवर टीव्ही, खाली मऊ खुर्ची, खुर्चीला पाय ठेवायला पुढे येणारी फळी. फोनवर म्हणाली, "आई, पुरे झालं आता. खोली तयार आहे तुझी."

"खोली आहे गं तयार. मी नाहीये."

"किती दिवस लोकांच्या मशिनींत डोकं घालणार?"

"त्या खुर्चीत बसवलंत ना, तर वर्षभरात माझ्याच अंगावर स्टिकर लावाल तुम्ही. छान दिसते, हलत नाही."

म्हणजे सोमवारी शिक्का मिळाला तर कपाट आणि बाई रस्त्यावर. नाही मिळाला तर कपाट भंगारात आणि बाई त्या खुर्चीत. बाकी कशाचाच प्रश्न नव्हता.

केस वाळल्यावर सासूबाईंनी अंगणात वायर ओढली आणि इस्त्री आणली. जावयाला वाटलं, आता कपडे.

"आई, स्टिकरचं काय?"

"त्याचंच चाललंय. ओलं फडकं द्या इकडे."

त्यांनी स्टिकरवर फडकं ठेवलं आणि त्यावरून इस्त्री फिरवली, हलकी, एका जागी न थांबता. वाफ निघाली. फडकं उचललं तर मघाशी काचेसारखा तडकणारा स्टिकर मऊ पडला होता. बाईंनी नखाने कडा उचलली आणि तिरकी, अगदी सावकाश ओढायला सुरुवात केली. हातभर पट्टी सलग निघाली.

"फाडायचं नसतं, उसवायचं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कापड फाडणाऱ्यांतले. लेकीला तेव्हाच म्हणाले होते मी."

"काय म्हणाला होतात?"

"ओढा. बोलू नका."

खाली गोंद राहत होता, मधासारखा पिवळा. त्याला बाईंनी मशीनचं तेल लावलं, थोडा वेळ मुरू दिलं आणि चिंधीने पुसलं. खालून निघाला आकाशी रंग, कोरा करकरीत. बाकीची गाडी उन्हाने विटून धुतलेल्या पाटीसारखी झालेली, आणि मधोमध हा नवाकोरा पट्टा. संध्याकाळपर्यंत एक बाजू झाली. गंजाचा ठिपका नाही.

मधेच भंगारवाला फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याला वास लागतो. "बाई, कशाला हात दुखवता? आहे तशीच घेऊन जातो की."

"मला घेऊन जायला आलास की गाडीला?"

"गाडीला हो!"

"मग मी त्यातच बसलेली असते. दोघींचं वजन झेपेल का बघ." भंगारवाला गेला.

रविवारी सकाळी जावई कलथा घेऊन आला. दुकानात पोलादी नव्हता म्हणून प्लास्टिकचा आणला होता, लालभडक. सासूबाईंनी तो वाकवून बघितला, वास घेतला आणि थेट गाडीच्या गोंदावर चालवला. ओरखडा न उठवता गोंद झकास निघाला.

"उत्तम आहे. हा गाडीला झाला," त्या म्हणाल्या. "माझा अजून बाकीच."

दुपारी दुसरी बाजूही उघडी झाली. आता बाईंनी खणातून घोड्याच्या नालेसारखं लोहचुंबक काढलं. सांडलेल्या सुया गोळा करायला ते त्यांच्याकडे कायम असतं. पत्र्याला लावून त्या ते पुढून मागे सरकवत गेल्या. चुंबक पत्र्याला घट्ट धरून चाललं होतं. मागच्या चाकाच्या वर आलं आणि टप्पकन खाली पडलं.

बाईंनी ते उचलून पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

"इथे लोखंड नाहीये," जावई कुजबुजला.

"वर तरी नाही. लांबी भरलीय, खड्डे बुजवायचा लगदा, आणि वरून जवळपासचा रंग." बाईंनी बोटाने ती जागा चाचपली. मोठ्या वाटीएवढी होती. त्या पायरीवर बसल्या आणि हसायलाच लागल्या. "अठरा वर्षांपूर्वी मी आठ दिवस माहेरी गेले होते. परत आले तर ह्यांनी गाडी लाकडाची करून ठेवलेली. म्हणाले, तुझ्यासाठी केलीय, लई फॅशन आहे. मी भोळी, खूश! अठरा वर्षं लाकडातून फिरले. कशासाठी, तर ह्यांना गाडी मागे घेता येत नव्हती!"

"ठोकली होती?"

"फाटकाचा खांब वाकडा का, ते मला आज कळतंय." त्यांनी फाटकाकडे बघितलं, मग गाडीकडे, मग आभाळाकडे, आणि वर बघून एक शिवी दिली. प्रेमाची होती, पण शिवीच.

जावई म्हणाला, "आई, आत भोक असलं तर? रंगाचा एक हात मारू. कोणाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

"मग आत्ताच खरवडून बघू तरी."

"आणि उद्या साहेब म्हणणार, इथे काहीतरी उकरून भरलंय. नको. त्याच्यासमोरच उसवू." बाईंनी शिंप्याचा निळा खडू काढला आणि त्या जागेभोवती गोल काढला, कापडावर दुरुस्तीची खूण करतात तसा. ठळक, वीस पावलांवरून दिसेल असा. "लपवायचं ते एकाने अठरा वर्षं लपवलं. आता घरात दुसरा नको."

सोमवारी दोघं तपासणीला गेली. साहेबांनी फेरी मारली, इकडे ठोकलं, तिकडे ठोकलं, आणि खडूच्या गोलापाशी थांबले.

"हे काय?"

"लांबी आहे. नवऱ्याने भरलेली. आत काय आहे ते मलाही माहीत नाही." बाईंनी पेचकस आणि छोटी हातोडी पुढे केली. "तुम्ही फोडता की मी फोडू?"

साहेब क्षणभर गोंधळले. लोक त्यांच्यापासून काय काय लपवायचे; कोणी खूण करून आणलं नव्हतं. "फोडा," ते म्हणाले.

रांगेतले लोक जमले. बाईंनी पेचकस तिरका धरून हातोडीने हलके ठोके दिले. लांबीचे पोपडे उडाले. जावई डोळे मिटून उभा होता. त्याच्या डोळ्यांपुढे ती मऊ खुर्ची येत होती, आणि त्यात बसलेल्या सासूबाई, आणि त्या काय काय बोलतील ते सगळं. टीव्हीचा आवाज कमी करा म्हणाल तर त्यावरही बोलतील.

"टण्."

डोळे उघडले. आत पोचा होता, खोल, पण सलग. तळाशी गंज अडवणारा मूळचा लालसर थर अजून शाबूत होता. साहेबांनी पेचकसाचं टोक दाबून बघितलं, अंगठ्याने रेटलं. पत्रा तसूभर हलला नाही.

"पोच्याला बंदी आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग?"

साहेबांची नजर पुढे गेली. "हे ओरखडे कसले?"

"जावयाचे."

"म्हणजे?"

"म्हणजे ताजे आहेत. गंज धरायला वेळ आहे अजून."

रांगेत हशा पिकला. साहेबही हसले, आणि मग आपण साहेब आहोत हे आठवून गंभीर झाले. दोन वर्षांचा शिक्का उठवला. "रंग देऊन घ्या."

"देईन की. मला सवड झाली की."

परत येताना फोन वाजला. बायको विचारत होती, "समजावलंस का तिला?"

जावयाने शेजारी बघितलं. सासूबाई एका हाताने गाडी वळवत होत्या आणि दुसऱ्याने खिडकीबाहेरच्या शिंप्याला 'पाच मिनिटांत आले' असं खुणावत होत्या. "ती म्हणतेय, खोलीचं काय करू?" त्याने विचारलं.

"सांगा, शिवणाला बस त्यात. उजेड चांगला आहे."

रंग अजून दिलेला नाही. पोचा तसाच आहे, ओरखड्यांवर बाईंनी कुठलासा आकाशी रंग बोटाने फासलाय, जवळपासचा. मुलं गाडीला अजून कपाटच म्हणतात. दर रविवारी कपाट लेकीच्या दारात उभं राहतं. बाई त्या खुर्चीत दहा मिनिटं बसतात, फळी पुढे-मागे करून बघतात आणि उठून स्वयंपाकघरात जातात. तिथे जावयाने आत्तापर्यंत आणलेले कलथे खिळ्याला टांगलेत. बाई एकेक उतरवतात, हातावर तोलतात, पातं वाकवून बघतात.

"हलका आहे," म्हणतात. किंवा, "मूठ लुळी आहे."

आणि तो खिळ्याला परत अडकवून जावयाकडे नुसतं बघतात.