थंड सिलिंडरातले ठोके

“बॉयलरमध्ये अडकलेल्या फिटरने हातोड्याचे ठोके दिले, ते साहाय्यक इंजिनिअरने ऐकले आणि त्याचे प्राण वाचले.”

आमच्या परळच्या गिरणीच्या आठवणींची जी पुस्तिका निघाली आहे, तिच्यात हे वाक्य आहे. तो साहाय्यक इंजिनिअर मी. वाक्यात माझी स्तुती आहे, तरीही ते मला अमान्य आहे.

प्रथम, तो बॉयलर नव्हता, सिलिंडर होता. शाळेत ज्या आकाराला वृत्तचिती म्हणतात, तोच दोन्हींचा आकार. पण बॉयलर वाफ तयार करतो आणि सायझिंग खात्यातला सिलिंडर ती पोटात घेऊन तापतो. खळ लावलेले ताण्याचे सूत त्याच्या तापल्या पाठीवरून फिरत वाळते. आमचा मोठा सिलिंडर माणूस आत उभा राहील एवढा होता. बाजूला मॅनहोल, म्हणजे आत शिरण्याचे झाकण असलेले भोक. वृत्तचितीच्या गोल भिंतीला कोपरा नसतो. आत उमटलेला आवाज नेमका कुठून आला, हे बाहेरच्याला कधीच सांगता येत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आत साचलेले पाणी उपसणारी तांब्याची बकेट निखळल्याने मशीन दोन दिवस बंद होते. सकाळी गणपत फिटर दुरुस्तीसाठी आत शिरला. आमच्याकडे रिवाज असा, की आत जाणाऱ्याने चपला मॅनहोलखाली काढून ठेवायच्या. चपला दिसल्या की वाफेच्या व्हॉल्वला कोणी हात लावायचा नाही.

तेवढ्यात बाहेर गोळीबार झाल्याची बातमी आली. हरताळ पडला. माणसे चेंगराचेंगरी करीत फाटकाबाहेर धावली. मागे राहिल्या त्या चपला. अशा वेळी आमचा वॉचमन त्या गोळा करून फाटकाशी ढीग घालीत असे. अनवाणी गेलेला माणूस येऊन आपला जोड शोधी. त्या दिवशी त्याने गणपतच्याही उचलल्या.

दुपारी खात्यात आम्ही तिघेच होतो: सायझिंग मास्तर दामले, बाबू जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आणि मी. माग थांबले की गिरणीत जी शांतता पसरते, ती शांतता वाटतच नाही. कोणीतरी श्वास रोखून धरला आहे असे वाटते. चपला नाहीत हे पाहून, गणपत काम उरकून गेला असे धरून, बाबूने मॅनहोलमध्ये एक हाक मारली. ओ आली नाही. त्याने झाकण बसवले.

“सोडा वाफ,” दामले म्हणाले. “उद्या माणसे आली की मशीन तयार पाहिजे. मॅनेजरसाहेब दोनदा विचारून गेले.”

मी व्हॉल्ववर हात ठेवला आणि आतून ठोके आले. सावकाश, एकसारखे, एखाद्याने दार वाजवून थांबावे तसे.

“पाइपातले पाणी,” दामले म्हणाले.

“मास्तर, पाणी आपटायला मागे वाफ लागते. हा सिलिंडर परवापासून थंड आहे.”

“मग काय, भूत आहे?”

“आत माणूस आहे.”

“चपला दाखवा!”

बाबूने पत्र्याला कान लावला होता. “सायबानू, ह्यो आवाज पाण्याचो न्हय. झाकण काढूया!”

“अहो, मॅनेजरला मी काय सांगू?” दामले ओरडले.

“मी अडवले म्हणून सांगा.”

आम्ही झाकण काढले. मी टॉर्च मारला. गणपत तळाशी पालथा पडला होता, बकेट पाठीवर, डोक्याला खोक. मी व्हॉल्व फिरवला असता, तर तो तिथेच शिजला असता.

“गणपत! रे गणपत!” बाबू हाका मारीत राहिला. गणपतला शुद्ध नव्हती. ती परळच्या इस्पितळात दुसऱ्या दिवशी आली. बकेट अंगावर कोसळल्यानंतरचे त्याला काहीच आठवत नव्हते. पुढे त्याने गिरणीत निवृत्तीपर्यंत काम केले.

मी दुसऱ्याच आठवड्यात व्हॉल्वला कुलूप बसवून घेतले. किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात. माणसाचा जीव चपलांच्या भरवशावर ठेवू नये, एवढा धडा मला मान्य आहे.

पुस्तिकेचे लेखक मला म्हणाले, “अर्धवट शुद्धीत त्यानेच ठोकले असणार. हातोडा त्याच्याजवळच होता ना?” होता. भुताखेतांवर माझाही विश्वास नाही, आणि आयुष्यभर मी अशा गोष्टी सांगणाऱ्यांची टरच उडवली आहे. पण गणपतने ठोकले हे मी मान्य करणार नाही. आम्ही त्याला बाहेर काढून फरशीवर निजवले होते, डोके बाबूच्या मांडीवर होते, रिकाम्या सिलिंडरात माझ्या टॉर्चचा उजेड पडला होता, आणि आतले ठोके चालूच होते.