सागाचा ओंडका आणि सहा पाठी

जंगलात नोकरी केलेल्या माणसाला लोक हमखास वाघाचं विचारतात. मी पन्नास सालानंतर चार वर्षं चांदा जिल्ह्याच्या जंगलात डॉक्टरकी केली, पण वाघ एकदाही दिसला नाही. दिसल्या त्या पाठी! लाकूड-डेपोला लागून दवाखाना, त्यामुळे येणारा दर दुसरा माणूस पाठ धरूनच यायचा. आणि पाठ तपासताना माणसाचं तोंड भिंतीकडे असतं, म्हणून तो बोलतोही मोकळा. मग काय, किस्से साचत गेले. चार लोक बसले की माझी पेटी उघडते, बायको उठून आत जाते.

•••

नागपूरहून येताना मी कॉलेजातला एक चार्ट आणला होता. कातडी काढलेला लालभडक माणूस, पाठमोरा. मानेपासून खांद्यांवर पसरलेला ट्रॅपेझियस, काखेपासून कमरेपर्यंत उतरलेला लॅटिसिमस, आणि कण्याच्या दोन्ही अंगांना जाड दोरखंडासारखे उभे इरेक्टर स्पायनी. मोठ्या ऐटीत मी तो टेबलामागे टांगला.

दोन दिवस एकही बाई आत येईना. दारातूनच बघायच्या आणि मागे फिरायच्या. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी धीर करून आली. बराच वेळ चार्टसमोर उभी राहिली. मग आमचे कंपाउंडर गणपतभाऊ, त्यांना हळूच विचारलं, "याले काऊन सोललं जी?"

गणपतभाऊ मिक्श्चरची बाटली हलवत म्हणाले, "दवाई टाइमावर घेत नोव्हता."

त्या म्हातारीनं औषधाची एक वेळ चुकवली असेल तर शपथ!

•••

या गणपतभाऊंचं एक प्रकरणच होतं. ते पायाळू, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आलेले. आणि पायाळू माणसानं पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते, हे तिकडे लहान लेकराला ठाऊक. मला पत्ता नव्हता. मी आपला समोर पेशंटची पाठ चाचपतोय, औषध लिहितोय, आणि तोच पेशंट मागच्या अंगणात जाऊन गणपतभाऊंच्या डाव्या पायाचे तीन टोले खाऊन घरी जातोय!

कळल्यावर मी भडकलो. हा सरकारी दवाखाना आहे, इथे लाथा चालणार नाहीत, वगैरे. दुसऱ्या दिवशी दवाखाना रिकामा. सगळी रांग गणपतभाऊंच्या घरासमोर. संध्याकाळी ते स्वतःच बिचारे कानकोंडे होऊन आले आणि त्यांनीच तोड काढली. आधी डॉक्टरनं तपासायचं, हाड मोडलेलं नाही म्हणायचं, मगच पाय. मी कबूल झालो. खरं सांगायचं तर दोन-तीन मोडलेली हाडं त्या नियमामुळेच माझ्या हाती लागली.

•••

डेपोत सहा जणांची एक टोळी होती. सागाचा ओंडका एकदम उजव्या खांद्यावर घ्यायचा, आणि एका पावलानं चालत ट्रकपर्यंत न्यायचा. टोळीचा म्होरक्या मारोतीभाऊ. काळाकभिन्न, बोलायला मऊ. मला वाटलं, या लोकांना उचलायची शास्त्रीय पद्धत शिकवावी. गेलो डेपोत आणि दिलं लेक्चर. पाठीचे स्नायू उचलण्यासाठी नाहीत, कणा ताठ धरण्यासाठी आहेत, उचलायचं काम मांड्यांचं, म्हणून गुडघ्यात वाका! सगळ्यांनी कौतुकानं ऐकलं. मारोतीभाऊ म्हणाला, एक डाव करून दाखवा ना जी.

मी गुडघ्यात वाकलो. पाठ ताठ ठेवली. एका बारक्या ओंडक्याचं टोक धरलं आणि उचललं. कमरेत असं काही कडाडलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले!

मला उताणा धरून दवाखान्यात नेताना मारोतीभाऊनं काळजीनं विचारलं, "दम कवा धराचा, थे नाई लिवलं का पुस्तकात?"

नव्हतं लिहिलेलं. दम पोटात धरून, एका हाकेवर सहा जण उठतात तेव्हा पाठीला आतून टेकू मिळतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो. आणि त्या दिवशी गणपतभाऊंनी माझ्या पाठीला पाय लावला का? लावला. बरं वाटलं का? वाटलं! पुढचं विचारू नका.

•••

मग मारोतीभाऊच पडला. चिखलात पाय सरकला, ओंडका बाकीच्यांनी सावरला, पण याची कंबर गेली. फळीवर निजवून ठेवला. घरी बायको आणि तीन लेकरं. त्यानं एकच विचारलं, "माही जागा राहीन का जी?" डेपोचा मुन्शी तर दुसरा माणूस घ्यायला टपलेलाच होता. मी निदान महिनाभर काही उचलायचं नाही, एवढंच सांगितलं.

आठवड्याभरात टोळीतले उरलेले पाचही जण एकेक करून मालिशचं तेल मागायला आले. सगळ्यांची तक्रार सारखी. उजव्या खांद्यावर वजन घेतलं की डावीकडचा इरेक्टर स्पायनी कणा ओढून धरतो, आणि पाचही जणांचा तो डावा स्नायू लाकडासारखा टणक! मला राहवेना. डेपोत गेलो.

ओंडका चालला होता. पुढे तिघं, मागे दोघं, आणि मध्ये एका माणसाची जागा मोकळी. मी टोळीतल्या वयस्कर भिवाला म्हटलं, अरे, निदान सरकून तरी उभे राहा, वजन सारखं वाटलं जाईल.

भिवा म्हणाला, "थे मारोतीची जागा हाय. भरून टाकली तं मुन्शी म्हनंन पाचच पुरतेत. आन दुसरा उभा केला तं मंग त्याले हालवाचं कसं?"

मी परत आलो आणि तेलाची मोठी बाटली काढून ठेवली. मी पाठीची चिरफाड शिकलो ती कॉलेजात, पाठ शिकलो ती या माणसांकडून. त्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

•••

पाचव्या आठवड्यात मारोतीभाऊ कामावर गेला. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर हजर. चेहरा पार उतरलेला. मी म्हटलं, पुन्हा भरली का उसण?

"नाई जी. दुखून नाई राह्यलं. पन खांद्यावर वजनच नाई लागत. ओंडका हाय का नाई, समजतच नाई. माही पाठ मेली का?"

मी त्याला पालथा निजवला. छाती उचलायला लावली, पाय उचलायला लावले, टाचणी टोचून पाहिली. सगळा स्नायू जिवंत, टणटणीत. काही केल्या उमगेना. सहज खिडकीतून बाहेर पाहिलं. बाकीचे पाच जण ओट्यावर बसले होते. पाचांच्याही उजव्या खांद्यावर घोंगडीची चौपदरी घडी, चांगली चार बोटं उंच. मारोतीभाऊच्या खांद्यावर नेहमीचा पातळ दुपट्टा.

मी टाचणी खाली ठेवली आणि म्हणालो, मारोतीभाऊ, पाठ एकदम चांगली आहे. आजारातून उठल्यावर असं होतं. आठ दिवसांत लागेल वजन.

त्याचा जीव भांड्यात पडला. हात जोडून तो दुपट्टा सावरत दाराकडे वळला. तेवढ्यात भिवा खिडकीपाशी आला आणि हळूच म्हणाला, "आठ कमी होतेत जी. पंधरा सांगा."