वाटेचा नारळ

मसोलीतलं घर आम्ही घराकडे बघून घेतलं नाही, रिक्षाकडे बघून घेतलं. तलासरीला मास्तरकी केली ती सगळी वर्षं आमची खोली चढावर होती, आणि तो चढ चढून-उतरून बायकोचे गुडघे गेले. इथे रिक्षा थेट ओट्याला लागायची आणि दहा मिनिटांत समुद्र. २०१४ साली निवृत्त झालो आणि तिला म्हणालो, आता रोज संध्याकाळी किनाऱ्यावर.

गोम एकच होती. घर चिकूच्या वाडीच्या मागे. मोठ्या रस्त्यापासून आमच्या ओट्यापर्यंतची मुरमाची वाट वाडीवाल्या काकांच्या जागेतून यायची; त्यांचा चिकूचा टेम्पो आणि आमची रिक्षा, दोघांना तीच. खरेदीखतात लिहिलं होतं, 'येण्याजाण्याचा रस्ता वहिवाटीप्रमाणे.' वकील म्हणाला, "मास्तर, काकांची सही घ्या आणि वाटेचा हक्क रीतसर नोंदवून टाका." मी काकांकडे गेलो, चहा प्यालो आणि परत आलो. ज्या माणसाने पहिल्याच दिवशी टोपलीभर चिकू पाठवले त्याच्यापुढे कागद कसा धरायचा? भीड भिकेची बहीण. ही म्हण मी जन्मभर मुलांना शिकवली.

बायकोने मात्र आपल्या परीने नोंद केली. घराच्या आधीच्या मालकिणीने तिला सांगून ठेवलं होतं, दसऱ्याला काकांना नारळ द्यायचा आणि वाट विचारायची. ती दरवर्षी जायची. काका वाटेच्या तोंडाशी नारळ फोडायचे, अर्धा तिला परत द्यायचे आणि म्हणायचे, "वापरा ना बेन, मी आहे तोवर कोण अडवतंय!" ते अर्धं खोबरं घेऊन ती अशी यायची की जणू सातबाराच हातात आहे. मला गंमत वाटायची.

२०१६ला तिला अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. तरी रिक्षावाला आणि मी मिळून तिला ओट्यावरून सीटवर बसवायचो आणि समुद्र दाखवून आणायचो. पुढच्या वर्षी काका गेले. त्यांचा मुलगा सुरतेहून आला आणि तेराव्यानंतर वाटेवर लोखंडी गेट बसलं. माणूस अंग चोरून जाईल एवढी फट ठेवली. मी भांडलो. तो शांतपणे म्हणाला, "मास्तरकाका, चालत जा ना. चालायला मी कुठे ना म्हणतो?"

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी तहसील कचेरीची चढलो. वकील म्हणाला, आधीचे मालक धरून इतकी वर्षं तुम्ही ही वाट हक्काने वापरताय एवढं दाखवलं की झालं. आणि बाईंना घेऊन या, साहेबांना परिस्थिती दिसू दे. चौघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, गेट चुकवून, वाडीच्या पाटातून रस्त्यावर नेलं. लाजेने तिने पदर तोंडावर ओढला होता.

समोरचा वकील फार गोड बोलला. "काकू, वाट वापरायला काकांना विचारायचात का?"

"विचारायचे तर!" ती म्हणाली. जीभ जड झाली होती, तरी एकेक शब्द स्वच्छ आला. "दरवर्षी दसऱ्याला. नारळ घेऊन. आमच्या आधीची बाईसुद्धा विचारायची. दुसऱ्याच्या जागेतून जायचं तर विचारायला नको?"

साहेबांनी ते लिहून घेतलं. आमच्या वकिलाने फाइल मिटली. जी वाट दरवर्षी विचारून मिळते ती मेहरबानीची, हक्काची नव्हे. आणि मेहरबानी करणारा तर गेला होता. मला तिचा राग आला. खुर्चीत पदर सावरत बसलेल्या, खरं बोललेल्या बाईचा मला इतका राग आला की परत नेताना मी खुर्चीला हात लावला नाही. त्याची लाज अजून वाटते.

निकाल विरुद्ध गेला. तिला मी सांगितलं, साहेब त्यांचा माणूस निघाला. साहेबाचा काही दोष नव्हता.

२०१९चा दसरा आला. दोन वर्षं ती खिडकीशी पडून होती. सकाळी म्हणाली, "अहो, काकांच्या मुलाला आपण नारळच दिला नाही कधी. म्हणून रागावलाय तो. जा, नीट विचारा."

मी नारळ घेऊन गेटपर्यंत गेलो. कुलूप होतं, सुरतेहून कोणी आलंच नव्हतं. मागच्या दाराने स्वयंपाकघरात येऊन नारळ फोडला आणि अर्धा तिच्या उजव्या हातात ठेवला.

"दिला त्याने?"

"दिला."

खूप दिवसांनी ती हसली. "बघा, विचारलं की माणूस देतो." खोबरं कपाळाला लावलं आणि म्हणाली, "उद्या रिक्षा बोलवा. समुद्रावर जाऊ."